पोटाचे डायलिसिस आम्हालाही मिळावे : पॉलिसिस्टिक किडनीच्या रुग्ण-कुटुंबांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पॉलिसिस्टिक किडनीच्या रुग्णांना पेरिटोनियल डायलिसिसची खरी निवड मिळण्याबाबत

महोदय,

पॉलिसिस्टिक किडनी हा आजार ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे अशा रुग्णांची आणि त्यांच्या नातेवाइकांची आमची संघटना आहे. किडनी निकामी झाल्यावर आमच्यापैकी बहुतेकांपुढे रक्ताचे डायलिसिस, म्हणजे हिमोडायलिसिस, हा एकच मार्ग ठेवला जातो. पोटाचे डायलिसिस, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस, अनेकांना माहीतच नसते. ज्यांना माहीत असते ते विचारतात तेव्हा उत्तर मिळते, ‘तुमच्या किडन्या मोठ्या आहेत, पोटात जागा नाही.’ पोट तपासले जात नाही, कागदावर काही लिहिले जात नाही आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये यासाठी हे मागणीपत्र आहे.

आधी आजाराविषयी थोडे, कारण आमच्या मागण्या त्याच्या स्वभावातूनच निघतात. या आजारात दोन्ही किडन्यांत पाण्याने भरलेल्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षे वाढत राहतात. मुठीएवढी किडनी काही जणांत काही किलो वजनाची होते. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते. बहुतेक कुटुंबांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. काही कुटुंबांत तो चौथ्या गुणसूत्रावर असतो आणि त्यांचा आजार तुलनेने संथ चालतो. साठीपर्यंत सुमारे निम्म्या रुग्णांच्या किडन्या निकामी होतात. म्हणजे हा आजार दहा-वीस वर्षे आधी वर्दी देऊन येतो. वडिलांचे डायलिसिस पाहिलेल्या मुलाला आपल्या वाट्याला काय येणार हे ठाऊक असते. रक्तदाब विशीत-तिशीतच वाढू लागतो आणि साध्या सोनोग्राफीत गाठी दिसतात.

असे असूनही आमच्या कित्येक सदस्यांचे पहिले डायलिसिस आणीबाणीत झाले. धाप लागली, पोटॅशियम वाढले, रात्री दवाखान्यात नेले, मानेत नळी घातली आणि दुसऱ्या दिवसापासून आठवड्याला तीन खेपा सुरू झाल्या. त्या रात्री ‘तुम्हाला कोणते डायलिसिस हवे’ असे कोण विचारणार, आणि विचारले तरी रुग्ण काय सांगणार? निवड करायची तर ती शुद्धीत, वेळ असताना आणि घरच्यांबरोबर बसून करावी लागते. आमच्या आजारात तेवढा वेळ असतो. तो वाया जातो, ही आमची पहिली तक्रार आहे.

म्हणून पहिली मागणी अशी. किडनीचे काम वीस टक्क्यांच्या आसपास आले की प्रत्येक पॉलिसिस्टिक रुग्णाला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला डायलिसिसच्या दोन्ही पद्धती आणि प्रत्यारोपण यांची माहिती समोर बसून, मराठीत किंवा त्यांच्या बोलीत, देणे सर्व शासकीय आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयांना बंधनकारक करावे. हातात पत्रक दिले की काम झाले, असे होऊ नये. पोटाचे डायलिसिस करणाऱ्या एखाद्या रुग्णाशी त्यांची भेट घालून द्यावी. दहा मिनिटे त्याच्याशी बोलले की जे कळते ते पत्रकातून कळत नाही.

आता त्या ‘जागा नाही’विषयी. हे म्हणणे अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. किडन्या आणि कधी कधी यकृतही गाठींनी फुगलेले असते, अशा पोटात डायलिसिसच्या नळीतून दोन लिटर पाणी सोडले की दाब वाढतो. आमच्यात हर्नियाचे प्रमाण जास्त असते आणि या दाबाने तो बळावतो. मोठ्या आतड्याला फुगे येण्याचा त्रासही काहींना असतो आणि त्यातून जंतुसंसर्गाची भीती असते. हे सगळे खरे आहे. पण जगभरच्या अनेक रुग्णालयांत पॉलिसिस्टिक रुग्ण वर्षानुवर्षे पोटाचे डायलिसिस करत आले आहेत. त्यांची तुलना इतर किडनी रुग्णांशी केली गेली, तेव्हा त्यांचे जगणे आणि त्या पद्धतीवर टिकणे इतरांपेक्षा कमी ठरले नाही. हर्निया आणि पोटातल्या पाण्याची गळती जास्त होते, पण त्यांवर इलाज आहे. पॉलिसिस्टिक किडनी असणे हे एकट्याने नकाराचे कारण होऊ शकत नाही, असे आज किडनीतज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे.

आणि जागा आहे की नाही हे मोजता येते. नळीतून पाणी सोडल्यावर पोटातला दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. अठराच्या वर गेला तर पाणी कमी करतात. दोन लिटरऐवजी दीड लिटरने सुरुवात करता येते. दिवसा पोट रिकामे किंवा हलके ठेवून रात्री आडवे असताना मशीनने पोटातल्या पाण्याची अदलाबदल करता येते, कारण झोपलेल्या माणसाच्या पोटात दाब कमी असतो. हर्निया असेल तर नळी घालतानाच त्याची शस्त्रक्रिया करता येते. हे सारे करून पाहिल्यावर डॉक्टरांनी ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हटले तर आम्ही ते मान्य करू. ज्यांचे पोट पूर्वीच्या शस्त्रक्रियांनी चिकटलेले आहे, ज्यांना आतड्याचा गंभीर आजार आहे, ज्यांची दृष्टी गेली आहे आणि घरी दुसरे कोणी नाही, त्यांना ही पद्धत देऊ नये हे आम्हालाही पटते. आमचा आक्षेप पोट न पाहता दिलेल्या नकाराला आहे.

यावरून दुसरी मागणी. पोटाचे डायलिसिस नाकारताना कारण केस पेपरवर लिहावे. हर्निया आहे का, पोटातली जागा कशी पाहिली, पर्यायी उपाय कोणते विचारात घेतले, हे त्यात यावे. एवढी एक ओळ लिहावी लागली की निम्मे नकार आपोआप थांबतील, असे आम्हाला वाटते. रुग्णाला दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असेल तर ते ई-संजीवनीसारख्या दूरसल्ला सेवेतून वैद्यकीय महाविद्यालयाच्या किडनी विभागाकडून मिळावे. त्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईच्या फेऱ्या मारायला लावू नये.

हा पर्याय आमच्यासाठी इतका महत्त्वाचा का, हेही सांगतो. रक्ताच्या डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. आमच्या गाठींतून अधूनमधून रक्तस्राव होतो, लघवी लाल होते, आणि अशा वेळी हेपारिन टाळून डायलिसिस करण्याची कसरत करावी लागते. पोटाच्या डायलिसिसला हेपारिनची तशी गरज पडत नाही. दुसरे असे की आमच्यापैकी अनेकांना डायलिसिस सुरू झाल्यावरही बरीच लघवी होत राहते, आणि ती टिकवायला पोटाचे डायलिसिस जास्त अनुकूल असते. लघवी टिकली की पाणी पिण्यावरचे बंधन सैल होते. रक्ताच्या डायलिसिसवर असलेल्या माणसाला मे महिन्यात विदर्भात पेला मोजून पाणी प्यावे लागते. त्याला हा फरक विचारून पाहावा.

तिसरे कारण प्रत्यारोपणाशी जोडलेले आहे. इतर किडनी रुग्णाला भाऊ, बहीण, मुलगा किंवा मुलगी किडनी देऊ शकते. आमच्या घरात यातल्या निम्म्यांना तोच आजार असण्याची शक्यता असते आणि उरलेल्यांनाही तपासणीनंतरच दाता होता येते. मग पती-पत्नी उरतात, त्यांचाही रक्तगट जुळेलच असे नाही. शेवटी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घालून वाट पाहायची. आमच्या माणसांना डायलिसिसवर जास्त काळ काढावा लागतो तो यामुळे. तो काळ माणसासारखा काढता यावा, कामधंदा टिकावा, मुलांचे शिक्षण चालू राहावे, एवढीच आमची इच्छा आहे. आठवड्याचे तीन दिवस दवाखान्यात गेले की रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी जाते आणि सोबत येणाऱ्याचीही जाते. एसटीने डायलिसिसच्या रुग्णांना प्रवासात सवलत दिली आहे, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण बुडालेला दिवस सवलतीने परत मिळत नाही.

चौथे कारण संपर्क तुटण्याचे. पावसाळ्यात गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर येतो आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरचे रस्ते पाण्याखाली गेले. 2020 च्या टाळेबंदीत डायलिसिसच्या माणसाला एका गावातून दुसऱ्या गावात जायला किती विनवण्या कराव्या लागल्या हे आपल्याला माहीत आहे. रक्ताच्या डायलिसिसचा रुग्ण अशा वेळी दोन-तीन खेपा चुकला की जिवाशी खेळ होतो. ज्याच्या घरात पोटाच्या डायलिसिसचा महिन्याचा माल भरलेला आहे त्याचे डायलिसिस पुरातही चालू राहते. शिवाय रक्ताच्या डायलिसिसच्या एका खेपेला शुद्ध केलेले सुमारे 120 लिटर पाणी लागते आणि ते शुद्ध करताना आणखी पाणी वाया जाते. टँकरवर चालणाऱ्या मराठवाड्यातल्या तालुक्यात हा प्रश्न छोटा नाही. पोटाच्या डायलिसिसचे पाणी कारखान्यातून पिशवीत बंद होऊन येते.

पण तेच पाणी घरापर्यंत आणायचे असते, आणि आमचे घोडे इथेच अडते. दिवसाला चार अदलाबदली, प्रत्येकी दोन लिटर : महिन्याला 120 पिशव्या, 240 लिटर, म्हणजे जवळजवळ अडीच क्विंटल वजन. पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत येतात. आमच्या एका सदस्याच्या घरी दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत ही खोकी भिंतीला लावून छातीपर्यंत रचलेली असतात, त्यांच्यावर गाद्या ठेवतात आणि एका कोपऱ्यात भिंतीला खिळा मारून त्यावर पिशवी टांगतात. बॅग लावायच्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क आणि कोपरापर्यंत साबणाने हात धुणे. पोटातले जुने पाणी आधी खालच्या पिशवीत निथळू द्यायचे, मग वरच्या पिशवीतले नवे सोडायचे. अर्ध्या-पाऊण तासात काम आटोपते. निघालेली पिशवी ताणकाट्याला लावून वजन वहीत लिहायचे आणि ती वर्तमानपत्रावर ठेवायची. पाण्यातून खालची अक्षरे वाचता आली तर ठीक. अक्षरे अंधूक दिसली तर पोटात जंतू शिरल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सातवी शिकलेली बाई हे सगळे बिनचूक करते, आम्ही रोज पाहतो. ‘खेड्यातल्या लोकांना स्वच्छता जमणार नाही’ हे वाक्य ऐकून म्हणूनच आम्हाला वाईट वाटते.

तर तिसरी मागणी, आणि सगळ्यांत मोठी, पैशांची आणि पुरवठ्याची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रक्ताचे डायलिसिस मिळते आणि त्यामुळे राज्यात कित्येक जीव वाचले, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये सुरू झाला तोही रक्ताच्या डायलिसिसपासून. पोटाच्या डायलिसिससाठी केंद्राने 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात प्रत्यक्षात उतराव्यात. योजनेत घरच्या पोटाच्या डायलिसिसचे स्वतंत्र मासिक पॅकेज असावे. त्यात पिशव्या, टोपणे, दर सहा महिन्यांनी बदलायचा जोडनळीचा संच, नळी घालण्याची शस्त्रक्रिया, त्याच वेळी केलेली हर्नियाची दुरुस्ती आणि पेरिटोनायटिसचा, म्हणजे पोटातल्या जंतुसंसर्गाचा, उपचार हे सगळे धरलेले असावे. हर्नियाला वेगळी मंजुरी लागली तर आमचे दोन महिने तिथेच जातात. डॉक्टरांनी सांगितल्यास रात्रीचे मशीन शासनाने वापरायला द्यावे, कारण आमच्यासाठी ती चैन नाही, पोटातला दाब कमी ठेवण्याचा उपाय आहे. मशीन असलेल्या घरात भारनियमनाच्या रात्री हाताने बॅग लावता यावी म्हणून साध्या पिशव्यांचाही थोडा साठा द्यावा.

पोटाच्या डायलिसिसचे द्रावण जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आज मात्र खिशातून खर्च करणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी दरमहा हजारो रुपये मोजावे लागतात आणि काही महिन्यांत दागिने मोडावे लागतात. राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने द्रावणाचा दरकरार करावा, तो एकाच पुरवठादारावर अवलंबून ठेवू नये आणि जिल्ह्याच्या भांडारात किमान एका महिन्याचा राखीव साठा असावा. माल घरपोच मिळावा. निदान प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत तरी यावा. अडीच क्विंटलची खोकी एसटीच्या टपावरून आणायला लावू नयेत.

हे होऊ शकते. थायलंडने 2008 मध्ये सार्वत्रिक आरोग्य योजनेत पोटाचे डायलिसिस पहिला पर्याय म्हणून मोफत दिले आणि पिशव्या टपाल सेवेमार्फत घरोघर पोहोचवल्या. हाँगकाँगमध्ये हेच धोरण 1985 पासून आहे. आपल्याकडे केरळने शासकीय रुग्णालयांमार्फत घरच्या पोटाच्या डायलिसिसची मोफत सोय केली. थायलंडने 2022 मध्ये सक्ती सैल करून निवड रुग्णावर सोपवली, हेही लक्षात घ्यावे. आम्हालाही सक्ती नको आहे. रक्ताचे डायलिसिस ज्याला मानवते त्याने तेच करावे.

पेरिटोनायटिसची भीती डॉक्टरांना वाटते तशी आम्हालाही वाटते. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संस्थेने 2022 मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की एका रुग्णामागे वर्षाला सरासरी 0.4 पेक्षा जास्त वेळा हा संसर्ग होऊ नये. पोटाचे डायलिसिस करणाऱ्या प्रत्येक केंद्राने आपला आकडा दरवर्षी जाहीर करावा, ही आमची चौथी मागणी. तिच्याबरोबर हेही : ग्रामीण रुग्णालयात पोटातल्या पाण्यातल्या पेशी मोजण्याची, ते पाणी कल्चरला पाठवण्याची आणि पहिले प्रतिजैविक पिशवीतून देण्याची तयारी असावी. रात्री ताप आणि गढूळ पाणी घेऊन गेलेल्या माणसाला ‘आम्ही हे पाहत नाही, जिल्ह्याला जा’ असे सांगणे बंद व्हावे. पॉलिसिस्टिक रुग्णाच्या बाबतीत एक गोष्ट तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आवर्जून शिकवावी. ताप आहे, कुशीत दुखते आहे, पण पिशवीतले पाणी स्वच्छ आहे, तर संसर्ग किडनीच्या गाठीत असू शकतो. त्याची औषधे वेगळी, उपचाराचा काळ जास्त. पेरिटोनायटिस समजून नळी काढून टाकली तर रुग्णाचे डायलिसिस विनाकारण बंद पडते.

यासाठी माणसे लागतील. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पोटाच्या डायलिसिसची प्रशिक्षित परिचारिका हवी, आणि तिची बदली झाली तर जागा रिकामी न राहता दुसरी तयार असावी. सगळी यंत्रणा तिच्यावर उभी राहते. रुग्णाला आठवडाभर शिकवणे, पहिल्या महिन्यात घरी जाऊन पाहणे, फोन उचलणे ही कामे तीच करणार. आशा सेविकांना या कामात घ्यायचे असेल तर त्याचा मोबदला वेगळा द्यावा, त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. वापरलेल्या पिशव्यांच्या विल्हेवाटीची जबाबदारीही स्थानिक आरोग्य केंद्राने घ्यावी.

परतीची वाटही खुली असावी. पोटाचे डायलिसिस काही वर्षांनी थकते, कधी गळतीमुळे थांबवावे लागते. अशा रुग्णाला जवळच्या केंद्रात रक्ताच्या डायलिसिसची जागा प्रतीक्षेविना मिळावी. ही खात्री नसल्यामुळेच कित्येक जण पोटाचा पर्याय घ्यायला धजत नाहीत.

कुटुंबांच्या तपासणीविषयी आम्ही जपून बोलतो. एका रुग्णामागे तपासणीची गरज असलेली भावंडे आणि मुले असतात. त्यांचा रक्तदाब वेळेत कळला आणि औषध सुरू झाले तर किडन्या काही वर्षे जास्त टिकतात. जिल्हा रुग्णालयांनी अशा कुटुंबांना मोफत रक्तदाब तपासणी आणि सोनोग्राफी द्यावी. पण ती पूर्णपणे ऐच्छिक आणि गुप्त असावी. मुलीचे लग्न मोडेल या भीतीने आजार लपवणारी घरे आमच्यातच आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. गावाला कळेल अशा पद्धतीने शिबिरे घेऊन याद्या लावू नयेत. लहान मुलांना लक्षणे नसताना तपासायचे की नाही, हे पालकांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मधल्या एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आहेत, दीर्घकालीन किडनी विकार नाही. ही बाब केंद्राच्या अखत्यारीतली आहे. हा विकार यादीत घेण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी, एवढीच विनंती.

या मागण्यांवर आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, जन आरोग्य योजनेचे अधिकारी आणि किडनीतज्ज्ञ यांच्यासह आमच्या प्रतिनिधींची बैठक बोलवावी. सुरुवात एकदम सगळ्या राज्यात शक्य नसेल तर गडचिरोली, नंदुरबार आणि बीड या तीन जिल्ह्यांपासून करावी, कारण डायलिसिससाठीचा प्रवास तिथल्या लोकांना सर्वांत महाग पडतो. पोटाचे डायलिसिस करणारे आमचे सदस्य नव्या रुग्णांना भेटायला, बॅग कशी लावायची ते दाखवायला आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणात बसायला तयार आहेत; त्यासाठी आम्हाला मानधन नको. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य